शेऱ्याच्या रकान्यातला तिसरा शब्द

बावीस वर्षं मी झाडांच्या याद्या केल्या. कुणी काय करता म्हणून विचारलं की मी एवढंच सांगते, आणि समोरचा माणूस 'हो का, छान' म्हणून विषय बदलतो. पुण्यात 'छान' हा शब्द बहुधा याच कामासाठी ठेवलेला आहे.

मोकळ्या जागेवर इमारत उभी राहायची असली की आधी तिथल्या झाडांची नोंद करावी लागते. झाड कोणतं, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर किती, उंची अंदाजे किती आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ही यादी जोडल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नाही. आर्किटेक्ट लोक या कामासाठी आमच्या छोट्याशा खाजगी कचेरीला बोलवायचे. मी टेप आणि वही घेऊन पुढे, आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन कदमकाका मागे. काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुढे कापून चिकटवायची अक्षरं निघाली, त्यांचा धंदा बसला आणि ते आमच्याकडे आले. त्यामुळे आमच्या यादीतल्या वेड्या बाभळीलासुद्धा सराफी दुकानाला शोभेल अशा वळणदार अक्षरात नंबर मिळायचा.

शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, 'जिवंत' किंवा 'वठलेले'. जिवंत झाडासाठी नकाशा वळवायचा, नाहीतर तोडायची रीतसर परवानगी मागायची. वठलेल्याच्या नंबराखाली कदमकाका एक सुबक 'व' काढायचे. तो 'व' पडला की ते झाड संपलं, लाकूड उरलं.

माझं हत्यार म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख. कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी दोन-चार ठिकाणी, निरनिराळ्या उंचीवर पाहायचं आणि मगच लिहायचं. हे एवढंच शास्त्र. ते नख मी इतकं जपायची की माझ्या लग्नात मेंदी काढणारी म्हणाली, "ताई, बाकीच्या नवांनी काय पाप केलंय?"

आमच्या कामाचा हंगाम दिवाळी ते होळी. तेव्हा गवत वाळलेलं असतं, सापकिरडांची भीती कमी असते, चिखल नसतो. आणि नेमकी तेव्हाच निम्मी झाडं उघडीबोडकी उभी असतात. यात कुणाचं कारस्थान नव्हतं, सोय होती. पण झाडं मेली आहेत की नाही हे ठरवायला आम्ही जायचो, ते ती मेल्यासारखी दिसतात त्याच दिवसांत. हे विचित्र आहे, असं मला फार उशिरा वाटलं.

झाडं थंडीची तयारी थंडीत करत नाहीत. तयारी गणपती-नवरात्राच्या सुमाराला सुरू होते, आपण घामाने भिजलेले असतो तेव्हा. पुण्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस यांत जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा फरक. आपल्याला तो संध्याकाळी फिरायला निघालं की लक्षात येतो. पानाला तो कितीतरी आधी कळतो, कारण पान रात्र मोजतं. रात्री लांबत चालल्या की पानातलं कामाचं होतं-नव्हतं ते सगळं झाड फांदीत, खोडात, मुळांत ओढून घेतं. देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा तयार होतो, पानाचं पाणी तुटतं, पान पिवळं पडून गळतं. गळण्याआधीच त्या जागी पुढच्या हंगामाचा डोळा तयार असतो, घट्ट मिटलेला. आपल्याकडे जमिनीतली ओल कमी होणं हेही मोठं कारण असतं, काही झाडं तर दिवसापेक्षा ओलीकडेच जास्त लक्ष देतात. पण आवराआवर सगळ्यांची अशीच. मग ते झाड निजतं. आत जीव असतो, धान्यही भरलेलं असतं, फक्त दार लावलेलं असतं.

हे मला कुणी कॉलेजात शिकवायची गरज नव्हती. मी चंद्रपूरकडची. वडील जंगलखात्यात कारकून, घराच्या मागे सागवान. सगळं रान उघडं पडलेलं पाहतच मी वाढले. पुण्यात आले तेव्हा कचेरीतले लोक माझ्या 'काय करून राहिले' ला हसायचे आणि मी त्यांच्या झाडांच्या ज्ञानाला. "मेश्राम मॅडम, हा चाफा गेला हो," असं कुणी म्हणालं की मी नख लावून दाखवायची. ही ऐट होती माझी, आणि ती पुढे नडली.

त्या वर्षांत शहर चहूबाजूंनी वाढत होतं. संगणकाच्या कंपन्या आल्या, काचेच्या इमारती आल्या आणि काचेच्या आत झाडं आली. येरवड्याजवळच्या एका कंपनीने आमच्या सल्ल्याने दरवाजाशी दोन देवचाफे लावले होते. डिसेंबरात त्यांची पानं गळली, आणि तिथला तरुण व्यवस्थापक घामाघूम होऊन फोनवर.

"मॅडम, धिस इज अ डिझास्टर. मंडेला क्लायंट व्हिजिट आहे आणि दोन्ही ट्रीज टोटली डेड आहेत. रिप्लेस करून द्या ना."

"ती मेलेली नाहीत. विश्रांती घेतायत."

"मॅडम, इथे कोणीच विश्रांती घेत नाही."

वाक्य खरं होतं, मी हसले. झाडं बदलली नाहीत. सोमवारी पाहुणे आले. त्यातले एक थंड मुलखातले वयस्कर गृहस्थ त्या बोडक्या चाफ्यांपुढे थांबले आणि म्हणाले की इथे आल्यापासून घरच्यासारखं दिसलेलं हे पहिलंच झाड. त्यानंतर तो व्यवस्थापक मला दर डिसेंबरात फोन करायचा, पानं अजून का गळली नाहीत म्हणून.

असे किस्से सांगायला बरे वाटतात. आता जो सांगायचा आहे, तो मी आजवर कदमकाका सोडून कुणाशी धड बोललेले नाही.

वाघोलीच्या पुढे एका कंपनीचं संकुल व्हायचं होतं. शेतजमीन नुकतीच विकली गेलेली. बांधावर बोरी, बाभळी, कडुनिंब आणि कोपऱ्याला मोईची दोन झाडं, एकमेकांपासून पंचवीस-तीस पावलांवर. मोई म्हणजे कुणी कौतुकाने लावावं असं झाड नव्हे. लाकूड हलकं, फळ बेचव, आणि अर्धं वर्ष अंगावर पान नाही. एकच गुण, जाड फांदी तोडून जमिनीत रोवली तरी जगते. म्हणून खेड्यात कुंपणाला मोईच्या मेढी रोवतात.

आर्किटेक्ट सज्जन माणूस होता. त्याने नकाशा मोटारीच्या टपावर पसरून दाखवला. "मॅडम, गेट इथे येतंय, बरोबर या मोईवर. जिवंत असेल तर गेट दहा फूट सरकवतो, पेन्सिलने आखून ठेवलंय बघा. वठलेलं असेल तर अर्थात बरंच." त्या 'बरंच' मध्ये लाच नव्हती, धमकी नव्हती. साधी सोय होती.

पहिली मोई, नंबर ४६. डिसेंबर निम्मा सरलेला आणि तिच्यावर अजून चांगली हिरवी पानं. दुसरी, नंबर ४७, पार उघडी. जात तीच, माती तीच, पाऊस तोच. एक हिरवी आणि एक खडंग वाळलेली. मी ४७ ची हाताला येणारी फांदी धरून वाकवली, कडकन मोडली. आत तपकिरी, कोरडं. आणखी वर पाहायचं तर शिडी हवी होती, आणि शिडी गाडीत होती, गाडी रस्त्यावर होती, ऊन डोक्यावर होतं. मी वहीत 'वठलेले' लिहिलं.

बांधावर शेळ्या घेऊन एक बाई मघापासून उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हातात कोयता. नाव हिराबाई. विकलेली जमीन त्यांच्या दिरांची. शेजारची दोन खोल्यांची घरवजा जागा तेवढी हिराबाईंच्या नावावर राहिली होती. कदमकाका ४७ खाली 'व' काढायला लागले तशा त्या पुढे आल्या.

"ह्ये काय ल्हितायसा?"

"वठलंय म्हणून खूण," काका म्हणाले.

"वठलंय? कुनी सांगितलं?"

मी मोडलेली फांदी दाखवली. हिराबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही व्हय? ही तर म्याच छाटलेली, शेळीला पाला म्हनून. खालच्या समद्या म्याच छाटते. वर बगा की, बाई."

"वरही पान नाही."

"पान कसं आसंल? निजलंय त्ये. आमी नवी नवरी आलो तवा माझ्या बापानं म्हस दिली व्हती संगट. ती बांदाया सासऱ्यानं ह्यो खुटा रोवला. म्हस ग्येली, सासरा ग्येला, खुट्याचं झाड झालं. जिमीन दिरांची हाय. झाड तेवढं माझं हाय."

मी समजुतीच्या सुरात बोलले. त्या सुराची मला आज लाज वाटते. "हिराबाई, निजलं असेल तर मग हे शेजारचं का नाही निजलं? एकाच जातीची झाडं आहेत ना दोन्ही?"

त्यांनी वळून ४६ कडे पाहिलं. "त्याचं काय मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "औंदाच आसं करतंय त्ये."

मी वही मिटली. मला वाटलं, मी जिंकले.

जानेवारीत ४७ तोडलं. आर्किटेक्टने पेन्सिलीची रेघ पुसली असणार.

फेब्रुवारीत एका यादीच्या कामाने कसबा पेठेत गेले. तिथे आप्पा जोगळेकर म्हणून एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या दारात, पिंपात लावलेला देवचाफा होता, चांगला पहिल्या मजल्यापर्यंत गेलेला. थंडीत तो बोडका झाला की गल्लीतून येणारा-जाणारा सल्ला द्यायचा. वैतागून आप्पांनी पाटी लावली होती:

'हे झाड मेलेले नाही. निजलेले आहे. चौकशी करू नये व उठवू नये.'

मी हसले, पाटीचं कौतुक केलं. मग माझं लक्ष वर गेलं. सगळा चाफा उघडा, पण डाव्या हाताची एकच फांदी पानांनी भरलेली.

"आप्पा, ही फांदी कशी काय?"

"तिला रात्रपाळी आहे," आप्पा म्हणाले. "कोपऱ्यावर यंदा नवा दिवा बसवलाय, तो बरोबर तिच्या तोंडावर. रात्र झाली हे बिचारीला कळतच नाही. आपण यातल्या तज्ज्ञ ना? आपल्याला ठाऊक असेलच."

यंदा नवा दिवा. मी गल्लीत उभी होते आणि मला हिराबाईंचा 'औंदा' ऐकू आला. औंदाच आसं करतंय त्ये. त्या बाईने मला सगळं उत्तर एका शब्दात दिलं होतं, आणि यंदाच का, हे मी विचारलं नव्हतं. ४६ च्या शेजारी, रस्त्याकडेला, एका नव्या गोदामाच्या भिंतीवर पिवळा दिवा होता. मी तो पाहिलासुद्धा होता. दिवसा विझलेल्या दिव्याकडे कोण लक्ष देतं? मी जागं झाड पाहून निजलेल्याला मेलेलं ठरवलं होतं. नीट वागत होतं ते ४७ च.

मी त्याच दिवशी वाघोलीला जायला हवं होतं. गेले नाही. तोडलेल्याचं आता काय बघायचं, असं स्वतःला सांगितलं. साहेबांना कचेरीत सांगितलं तर ते म्हणाले, "शेरा सद्हेतूने दिला होतात ना? मग झालं तर." सद्हेतू होताच. शिडी तेवढी गाडीत राहिली होती.

मेच्या अखेरीला संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याची यादी आली आणि जाणं भाग पडलं. पाऊस अजून लांब होता, जमीन भाजत होती. गेटचे खांब उभे राहिले होते. मी मान खाली घालून त्यांच्याजवळून निघाले, तेवढ्यात कदमकाकांनी हाक मारली. त्यांचा आवाज काहीतरी वेगळाच होता.

"मॅडम, इकडे या. माझं अक्षर आहे हे."

हिराबाईंच्या घराला शेळ्यांसाठी कुंपण घातलेलं होतं, ओळीने रोवलेल्या मेढी. आत जायच्या वाटेवर एक जाडसर मेढ. ४७ चा बुंधा जमिनीपासूनच दुभागलेला होता, आणि काकांनी नंबर रस्त्याकडच्या बारक्या खोडावर टाकला होता. तेच खोड. वळणदार ४७, त्याखाली सुबक 'व'. आणि त्या 'व' च्या वर, वीतभर अंतरावर, साल फोडून निघालेले कोवळे तांबूस-हिरवे कोंब. एक नाही, पाच-सहा. मी मागच्या मेढी पाहिल्या. बहुतेक सगळ्या फुटल्या होत्या, पाण्याचा थेंब मिळालेला नसताना. हिवाळ्यापूर्वी भरून ठेवलेलं धान्य अजून आत होतं. दिवस मोठे झाले तशी कापलेली लाकडंसुद्धा जागी झाली होती.

हिराबाई बाहेर आल्या. मी काय बोलावं हे वाटेत ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, "हिराबाई, माझी चूक झाली. झाड जिवंत होतं."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगत होतात."

"सांगत व्हते खरं. पर ल्हिनाऱ्या तुमी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तोडनारे लाकूड जाळाया नेत व्हते. म्या म्हनलं, द्या मला. मानसं लावून वढून आनलं. म्हशीचा खुटा जगला तर ह्ये का न्हाई जगनार?"

कदमकाकांनी पेंटच्या सामानातून चिंधी काढली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि 'व' पुसायला वाकले. हिराबाईंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, दादा. झाक आलंय अक्षर."

त्या पावसाळ्यानंतर मी शेऱ्याच्या रकान्यात तिसरा शब्द लिहायला लागले, 'निजलेले'. त्याचा अर्थ एवढाच, की या झाडाबद्दल आज काही ठरवू नये, जूनमध्ये पुन्हा येऊन बघावं. बिल्डर वैतागले, दोघातिघांनी आमचं काम बंद केलं. पुढे याद्या संगणकावर गेल्या, तेव्हा त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा निखिल नावाचा मुलगा माझ्यापुढे हात टेकून बसला.

"मॅडम, त्या फील्डला दोनच व्हॅल्यूज आहेत. अलाइव्ह ऑर डेड. तिसरी टाकली तर रिपोर्ट ब्रेक होतो."

"होऊ दे ब्रेक."

"पण स्लीपिंग म्हणजे टेक्निकली अलाइव्हच ना?"

"टेक्निकली मलाही ठाऊक होतं," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून त्याने तिसरा पर्याय घातला. मी निवृत्त होईपर्यंत तो तिथे होता. आता आहे की नाही, विचारायचं धाडस झालेलं नाही.

हिराबाईंकडे मात्र मी दर वर्षी जाते, संक्रांतीनंतर, तिळगूळ घेऊन. सुरुवातीला त्या दारातूनच बोलायच्या. मग ओट्यावर बसवायला लागल्या, आता चहा असतो. मेढींची झाडं झाली आहेत. भोवती उंच इमारती आहेत, रस्त्याला पांढरे प्रखर दिवे आहेत, आणि दिव्याकडच्या दोन-तीन मोया आता जानेवारीतही अर्ध्या हिरव्या, अर्ध्या पेंगुळलेल्या असतात. ४७ घराच्या सावलीत आहे. ती वेळेवर निजते. खोड फुगलं तसा 'व' पुसला नाही, फाकला. आता ते अक्षर आहे हे माहीत असणाऱ्यालाच दिसतं.

यंदाही गेले. कदमकाका आता नाहीत. हिराबाईंना नीट दिसत नाही, पण पावलं कुणाची आणि कुठे थांबली ते बरोबर ओळखतात. ४७ नेहमीसारखी उघडी उभी होती. मला नेहमीची भीती वाटली आणि न कळत हात वर गेला. अंगठ्याचं नख फांदीला टेकलं, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"नख लावताय व्हय, बाई?"

मी थांबले.

"जवा लावायचं व्हतं तवा लावलं न्हाई," हिराबाई म्हणाल्या. "आता निजू द्या त्याला."

मी हात खाली घेतला आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले.